वाजवून बघितलं, ठीक

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

बी.पी. एकशे पन्नास-शंभर. डॉक्टर म्हणाले, गोळी देतो, पण राग येतो तो माणसांवर काढू नका, कागदावर काढा. अंजनानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, घरी आल्याआल्या साखर कारखान्याची फुकट मिळालेली डायरी पुढ्यात आपटली. म्हणाली, "घ्या, लिवा ह्यात. माझं डोकं सुटलं."

तर काढतो. राग एका पोरीचा आलाय. प्रियदर्शनी, राहणार कोडोली, वय चोवीस. जूनपासून आमच्या ऑफिसात आहे.

ऑफिस राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. मालक सयाजी, माझ्या कॉलेजचा दोस्त. आम्ही एका दूध संघाचं कॉम्प्युटरचं काम बघतो. गावोगावच्या डेऱ्या सकाळ-संध्याकाळ एक फाईल पाठवतात. त्यात दूध घालणाऱ्याचं नाव, गाव, जनावराचा बिल्ला नंबर, दूध किती, फॅट किती, जनावर आजारी असेल तर काय होतंय, हे सगळं टोकदार कंसातल्या खुणांच्या मधे लिहिलेलं असतं. ह्या खुणा वाचून कुठली माहिती कुठं संपली हे ओळखणारा जो प्रोग्राम आहे, ज्याला आम्ही पार्सर म्हणतो, तो मी लिहिलाय. २०१३ साली, ह्या हातांनी. बारा वर्षांत एक दिवस बंद पडलेला नाही.

आज मीटिंगला सयाजी म्हणाला, फायली दहापट झाल्यात, वाचून व्हायला बावन्न मिनिटं लागतात. जनावरांच्या डॉक्टरांना सकाळी सातला भेटींची यादी पाहिजे, ती मिळते पावणेआठला. तोवर डॉक्टर टपरीवर चहा पीत उभे आणि तिकडं म्हैस आडवी पडलेली. मार्चपर्यंत जमवा, नाहीतर संघ काम पुण्याला देणार.

मी म्हणालो, मोठा सर्व्हर घ्या. सरळ उपाय. तर ही बया शाळेतल्यासारखा हात वर करून म्हणते, "सर्व्हर नको सर. प्रोसेसरमध्येच खास सूचना असतात. एका सूचनेत बत्तीस अक्षरं एकदम तपासता येतात. सरांचा पार्सर एकेक अक्षर बघतो ना."

सरांचा पार्सर एकेक अक्षर बघतो! सगळ्यांच्या समोर! मी काय दुसरीतला पोरगा आहे, बोट ठेवून वाचणारा?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

त्या सूचना मला माहीत नव्हत्या असं नाही. २०१६ला सगळं वाचलं होतं. करणारच होतो. मग घराचं बांधकाम निघालं, मग जीएसटी आला, मग कोरोना. माणसाला वेळ मिळाला पाहिजे की. हिला काय, ना चूल ना मूल, बसलीय दिवसभर.

सयाजीनं ठरवलं: ती लिहिणार आणि मी वाजवणार.

वाजवणं हा आमच्या ऑफिसचा कायदा आहे. सयाजीच्या वडिलांची उद्यमनगरात फौंड्री होती. तिथं ओतीव जॉब थंड झाला की साखळीला टांगून हातोडीनं वाजवायचे. खणखणीत वाजला तर पास. ठप्प वाजला तर आत चीर आहे, टाका भट्टीत. आणि ज्यानं ओतला त्यानं वाजवायचा नाही, दुसऱ्यानंच वाजवायचा. सयाजीनं तीच रीत इथं आणली. कुठलाही प्रोग्राम बाहेर जाण्याआधी दुसऱ्यानं तो मोडून बघायचा. मोडला तर लाल रजिस्टरमध्ये काय मोडलं ते लिहायचं. नाही मोडला तर लिहायचं "वाजवून बघितलं, ठीक", आणि खाली सही.

त्या रजिस्टरमध्ये निम्म्याहून जास्त सह्या माझ्या आहेत. बाळासोनं वाजवलं म्हणजे विषय संपला, असं म्हणतात ऑफिसात. आता बघतोच. वाजवतोच हिला.

सोमवार, १० फेब्रुवारी

पोरीनं कोडोलीहून काकवी आणली. बाटली माझ्या टेबलावर ठेवून म्हणते, "आईनं तुमच्यासाठी दिलीय सर. आमच्या गुऱ्हाळाची."

दुसऱ्या कुणाला दिली नाही, मलाच. लाच आहे, दुसरं काय. वाजवणारा मी आहे ना.

घरी नेऊन भाकरीबरोबर खाल्ली. लई चांगली होती. त्याचा अजूनच राग आला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज तिनं पहिल्यांदा चालवून दाखवलं. एका तालुक्याची फाईल. माझ्या पार्सरला अकरा सेकंद लागली. तिच्याला एकही नाही. शून्य पूर्णांक काहीतरी. सगळं ऑफिस तिच्या खुर्चीमागं गोळा. "आयला, नाद खुळा!" "परत लाव, परत लाव!" परत लावलं, तेच. टाळ्या.

टाळ्या चालू असताना ती मान वळवून माझ्याकडं बघत होती. जिरवली की नाही, हे बघायला. मी पाणी प्यायला उठलो.

नंतर गुपचूप तिची फाईल उघडली. सगळ्यात वर लिहिलंय: "मूळ पार्सर: बाळासो सर, २०१३. तो वाचून शिकले." मयताच्या फोटोखाली नाव घालतात तसं. मी जिवंत आहे अजून म्हणावं.

संध्याकाळी जाताना टेबलाशी आली. बॅग खांद्यावर, आणि उभीच.

"सर, कसं वाटलं?"

"अजून वाजवलं नाही," मी म्हणालो.

"व्हय. पण सहज वाचलासा असंल तर..."

"वाजवल्यावर सांगतो."

उभी राहिली थोडी, मग गेली. कौतुक ऐकायची किती ती हौस! दिवसभर टाळ्या ऐकून पोट भरलं नव्हतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

अंजना तांदूळ निवडत बसली होती. मी तिला समजावून सांगायला गेलो, की हे बत्तीस अक्षरांचं प्रकरण काय आहे. म्हटलं, समज तू एकेक दाणा उचलून खडा आहे का बघतेस, तसा माझा पार्सर. आणि ती पोरगी मूठभर दाणे चाळणीत टाकून एकदम खडे वेगळे काढते.

"मग बारा वर्षं तुमी एकेक दाणा निवडत बसला हुतासा?" असं म्हणून अंजना खो खो हसली.

हसण्यासारखं काय त्यात? बारा वर्षं संघाचा तांदूळ कुणी निवडला मग?

थोड्या वेळानं म्हणाली, "एक सांगू? आज सकाळपासनं त्या पोरीचं नाव तुमी नऊ वेळा घेतलासा. मोजलंय मी."

उठून अंगणात गेलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल प्रोग्राम वाजवायला माझ्याकडं आला. कालचा आणि आजचा अख्खा दिवस घालवला.

रिकामी फाईल दिली. चालली. मधेच तोडलेली फाईल दिली. प्रोग्राम नीट चूक दाखवून थांबला. कंस उघडला पण मिटवला नाही, खुणेच्या आत खूण, तिच्या आत खूण, अशी शंभर पातळ्यांची फाईल दिली. मख्ख. शेवटचा तुकडा बत्तीसपेक्षा लहान पडला की असले प्रोग्राम हमखास घसरतात. मला वाटलं, सापडली. तर तिनं शेवटाला रिकामी जागा जोडून तोही बंदोबस्त करून ठेवलाय.

खणखणीत वाजतोय साला.

चारशे ओळी आहेत. माझ्या होत्या तीन हजार. ओळीमागून ओळ वाचत गेलो, कुठं पायात काही येतंय का बघत. काही येत नाही. दोनदा तर मी वाजवायला बसलोय हेच विसरलो. डोकं दुखतंय. उद्या बघतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सापडली! चीर सापडली!

झालं असं. आमच्याकडं तपासणीसाठी ज्या फायली असतात त्यात खरी नावं नसतात. खऱ्या माणसांची नावं संघाच्या मशीनबाहेर न्यायची नाहीत, असा करार आहे. म्हणून २०१७ला मीच एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो नावं आणि गावं पुसून तिथं इंग्रजीत "मेंबर बारा", "व्हिलेज तीन" असं घालतो. ऑफिसातल्या सगळ्या फायली अशा. हिच्या प्रोग्रामनं जन्मापासून एकही मराठी अक्षर बघितलेलं नाही. आणि हे ध्यानात येणारा माणूस एकच, ज्यानं ती नावं पुसली तो.

संघाच्या मशीनवर जायची परवानगी माझ्याकडं आहे. खऱ्या फाईलवर तिचा प्रोग्राम लावला. बिल्ला नंबर आले, दूध आलं, आजार इंग्रजी कोडात असतो म्हणून तोही आला. नावं सगळी गायब. गावंही गायब.

ओळ दोनशे चौदा. मशीनला अक्षर म्हणजे आकडा. इंग्रजी अक्षरांचे आकडे लहान. मराठी अक्षर बसतं तीन आकड्यांत, आणि ते तिन्ही एकशे अठ्ठावीसच्या वरचे. त्या खास सूचनांची एक खोड आहे: तुलना करताना एकशे अठ्ठावीसच्या वरचा आकडा त्या उणे धरतात. आणि पोरीनं काय लिहिलंय? बत्तीस किंवा त्याहून लहान आकडा दिसला की ती कोरी जागा समजायची आणि टाकून द्यायची. उणे म्हणजे लहानच की. म्हणजे मराठीतला अख्खा माणूस कोरी जागा म्हणून कचऱ्यात.

आनंद झाला. खरं लिहायचं म्हणून ही डायरी, तर लिहितो: लई आनंद झाला. खाली उतरून मिसळ खाल्ली, कट दोनदा मागून घेतला.

२०१३ला मीही ह्याच खड्ड्यात पडलो होतो. माझी पद्धत वेगळी, पण खड्डा हाच. दोन दिवस लागले होते बाहेर यायला. कुणाला कळू दिलं नाही.

ती शेजारच्याच टेबलावर होती दिवसभर. सोमवारी सांगू. काय घाई आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसाचं ऑफिस. सयाजी दारातनं ओरडला, "बाळ्या, झालं का वाजवून? सहा तारखेला संघाची माणसं येणार हायत."

रजिस्टर पुढ्यात होतं. पेन हातात होतं. वाक्य बारा वर्षांच्या सवयीचं. हातानं लिहिलं आपोआप: वाजवून बघितलं, ठीक. खाली सही, तारीख.

हातानं लिहिलं असं म्हणतो, पण मी बघत होतो की.

आता काय होईल ते नीट मांडून ठेवतो. सहा तारखेला संघाचे गणपतराव येणार. करार आम्हाला बांधतो, त्यांना नाही; ते खरी फाईल घेऊन येणार. नावं उडणार. सगळे गप्प. मग मी उठणार आणि शांतपणे म्हणणार, "थांबा, माझा जुना लावून बघू." माझा लागणार. हळू का असेना, शेवटच्या माणसापर्यंत सगळी नावं येणार. तेव्हा कळेल, एकेक अक्षर बघणं काय असतं ते.

कुणाचं नुकसान नाही यात. नुसतं दाखवायचं आहे. दुसऱ्या दिवशी मीच दुरुस्त करून देणार. पाच मिनिटांचं काम.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सुट्टी असून पोरीचा फोन. नमस्कार-चमत्कार झाल्यावर म्हणते, "सर, एक विचारू? रजिस्टर बघितलं. काहीच सापडलं न्हाय?"

"न्हाय."

"एकपण न्हाय? मला वाटलेलं निदान धा-बारा तरी काढालासा. मी वहीत जागा सोडून ठेवली हुती."

"न्हाय सापडलं म्हटलं ना."

"मग झालं. तुम्ही बघितलाय म्हटल्यावर मला आता काय काळजी न्हाय."

सांगायला एवढा चांगला मोका. ओठावर आलं होतं. पण "धा-बारा काढालासा" म्हणताना आवाजात हसू होतं तिच्या. मला चिडवत होती. फोन ठेवून दिला.

अंजनानं विचारलं, कुणाचा फोन. म्हटलं, कंपनीचा. उपास असून दुपारी बी.पी. एकशे अठ्ठावन्न.

गुरुवार, ६ मार्च

काय लिहू. क्रमानं लिहितो.

गणपतराव अकराला आले. संघातले जुने अधिकारी, धोतर-टोपी नाही पण बोलणं तसलंच. आल्याआल्या "काय पावणं, बरं हाय न्हवं?" म्हणत सगळ्यांच्या पाठीवर थापा. खरी फाईल आणली होती. प्रियदर्शनीनं लावली. सगळे घड्याळाकडं. चार मिनिटं दहा सेकंद. बावन्न मिनिटांचं काम! टाळ्या. गणपतराव खुर्चीतनं उठले.

मग भिंतीवर डॉक्टरांची यादी आली.

गणपतराव चष्मा पुसून पुढं गेले. म्हणाले, "आवो, नंबर हाय, कासदाह हाय, म्हशीचा मालक कुठं हाय? आणि गाव? कुठल्या गावाला जायाचं डॉक्टरनं? का म्हशीलाच इचारायचं, बाई, तुझं घर कुठं?"

कुणी हसलं नाही. पोरीचा चेहरा पांढरा पडला. मी खुर्चीतनं उठलो. हाच तो क्षण. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात सयाजी म्हणाला, "वाजवलं कुणी हे?"

रजिस्टर त्याच्या हातात होतं. त्यानं मोठ्यानं वाचलं. सही वाचली. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. मी उभाच होतो.

ह्याचा विचार मी केला नव्हता. दोन आठवडे एवढं सगळं मांडलं, आणि माझी सही तिथं आहे हेच मांडायचं राहिलं. ती काय ओतणारी. चीर सापडली नाही तर मान वाजवणाऱ्याची धरतात, हा कायदा मला कुणी शिकवायला नको होता.

"नजरेतनं सुटलं," मी म्हणालो.

"तुझ्या?" सयाजी म्हणाला. "तुझ्या नजरेतनं?"

माझ्या जुन्या पार्सरचं नाव काढायला जागाच उरली नाही. प्रियदर्शनी केव्हाच खाली बसली होती. सहाव्या मिनिटाला तिनं कपाळावर हात मारला, चीर सापडली. बाराव्या मिनिटाला दुरुस्त करून परत लावलं. चार मिनिटं तेरा सेकंद. नावं आली, गावं आली. गणपतरावांनी पहिलंच नाव मोठ्यानं वाचलं, "शालूबाई! हां, ही बघा म्हशीची मालकीण. पोरी, जितलीस!"

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हुतंय पावणं. वय झालं की डोळं दमत्यात."

त्रेचाळीस वर्षांचा आहे मी!

शुक्रवार, ७ मार्च

सयाजीनं केबिनमध्ये बोलावलं. वाटलं शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं चहा मागवला.

"बाळ्या, बी.पी. कसं हाय? डोळं दाखवून घे एकदा. दगदग झाली तुला."

मग म्हणाला, कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात हजेरीचं सॉफ्टवेअर बसवायचंय. सोपं काम आहे, हवा चांगली आहे, थोडे दिवस तिकडं बस. इथलं वाजवायचं काम आता पोरं बघतील.

टेबलावर हात ठेवून बसलो. सांगितलं असतं की मला दिसलं होतं, मी लपवलं, तर हरामखोर ठरलो असतो. नाही सांगितलं तर म्हातारा. दोन्हीतलं एक निवडायचं होतं. मी म्हातारा निवडलं, चहा पिऊन बाहेर आलो.

बाहेर येईपर्यंत प्रियदर्शनीच्या टेबलावर लाल रजिस्टर गेलेलं होतं.

सोमवार, १० मार्च

केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. तिचा आवाज.

"सरांना कागलला पाठवू नका सायेब. त्यांची चूक न्हाय. ह्या सूचना नव्या हायत, त्यांना सवय न्हाय एवढंच. मला एक दुपार द्या, मी त्यांना समजावून सांगते. पहिल्यापासनं, सावकाश."

सावकाश!

सयाजी म्हणाला, "सांग बाई. ऐकतोय का बघ."

आयुष्यात इतका अपमान कुणी केला नाही. आणि गंमत म्हणजे अपमान करणारीला वाटतंय ती उपकार करतेय. अंजनानं पोळीबरोबर काकवी वाढली, मी वाटी परत सरकवून दिली.

मंगळवार, ११ मार्च

दुपारी तीनला मीटिंगची खोली. तिनं फळ्यावर चौकोन आखून ठेवले होते. माझ्यासाठी खुर्ची पुढं ओढून ठेवली होती. माझ्यासाठी लिंबू सरबतसुद्धा सांगितलं होतं.

"सर, मशीनला अक्षर कळत न्हाय, आकडा कळतो," तिनं सुरुवात केली. सावकाश. प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडं बघून, कळलं का म्हणून. मी मान डोलवत होतो. बारा वर्षं ज्या आकड्यांशी संसार केला त्यांची ओळख करून घेत होतो.

"आता शालूबाईचा श. ह्याचा पहिला आकडा दोनशे चोवीस. पण ही सूचना त्याला उणे समजते. किती उणे? तर उणे एकतीस..."

"बत्तीस," मी म्हणालो.

"अं?"

"उणे बत्तीस. दोनशे छप्पनातनं वजा कर."

"व्हय की, बत्तीस!" ती एवढी खूश झाली. "बघा सर, पटकन आलं की तुम्हाला!"

ते "पटकन आलं की" मला सहन झालं नाही. उठलो, तिच्या हातातला मार्कर घेतला. "कोरी जागा बत्तीस. उणे बत्तीस तिच्याहून लहान. तू लहान ते सगळं फेक म्हणून लिहिलंस, म्हणून श गेला, त्याच्या मागनं सगळी बाई गेली. ओळ दोनशे चौदा. ह्यात सावकाश सांगण्यासारखं काय हाय?"

ती हसत होती. मग हसणं थांबलं. लॅपटॉपकडं वळली, काहीतरी बघितलं.

"दोनशे एकोणीस हाय सर."

"चौदा."

"आत्ता एकोणीस हाय. गुरुवारी मी वर पाच ओळी वाढवल्या, तवापासनं." तिनं माझ्याकडं बघितलं. "चौदा आधी हुती. तुमच्याकडं वाजवायला दिलेल्या प्रतीत."

सहा तारखेनंतर ती प्रत परत उघडून बघितली, असं म्हणता आलं असतं. मार्कर हातात धरून उभा राहिलो.

"कवा दिसलं हुतं?" तिनं विचारलं.

"एकवीस तारखेला."

"सही बावीसची हाय."

"व्हय."

मला वाटलं, आता ओरडेल, रडेल, सयाजीकडं धावेल. ती खुर्चीवर बसली, माझ्यासाठी ओढून ठेवलेल्या. फळ्यावरचे चौकोन बघत होती.

"म्हणजे तुम्ही सगळं वाचला हुतासा," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. ओळनओळ."

"व्हय."

"इथं कुणी वाचत न्हाय सर. घड्याळ बघत्यात आणि टाळ्या वाजवत्यात. माझ्या आईला कळत न्हाय, सायेबांना बी कळत न्हाय, मी काय केलंय ते. मी आल्यापासनं तुमचा पार्सर वाचून काढला. तीन हजार ओळी. मला वाटायचं, ज्यानं हे लिहिलं त्याला माझं कळंल. एवढ्या एका माणसाला दाखवायचं हुतं."

मी मार्करला टोपण लावलं.

"चूक सोडा," ती म्हणाली. "सही सोडा. सायेबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी कुणाला बोलणार न्हाय. फकस्त एक सांगा. बाकीचं कसं लिहिलंय? चांगलं हाय?"

ती विचारत होती, खरोखर. एवढं सगळं कळल्यावरही माझ्याच तोंडाकडं बघत होती.

"बरं हाय," मी म्हणालो.

एवढंच निघालं. आत आणखी होतं, पण ते तिथंच घट्ट बसलं होतं, हललं नाही.

"ठीक हाय सर," म्हणाली. लॅपटॉप मिटला, बॅग घेतली आणि गेली. सरबत तसंच राहिलं. मी केबिनमध्ये जाऊन सयाजीला सगळं सांगितलं, एकवीस तारखेपासनं. तो काय म्हणाला ते लिहीत नाही. कागलला उद्या सकाळची आठची गाडी.

आता संध्याकाळचे सात झालेत, अंजना शेजारच्या खोलीत आहे, आणि मी लिहितोय. चांगलं लिहिलंय तिनं. नुसतं जलद नाही, देखणं आहे. चारशे ओळींत एक शब्द इकडचा तिकडं करता येत नाही. बारा वर्षांत माझ्या हातनं असं एक पान उतरलेलं नाही. चूक सापडल्यावर, मिसळ खाऊन आल्यावर, ते मी परत एकदा पहिल्यापासून वाचलं होतं. काही शोधायला नाही, नुसतंच. वाचताना दोन ठिकाणी "वा" म्हणालो होतो, शेजारच्या टेबलावर ती बसली होती म्हणून तोंडावर हात ठेवून.

कसं भराभरा लिहिलं गेलं बघा इथं.